काचेतलं पाणी

६ मार्च

लिहा बाई. आधी हे लिहा की हे मी लिहीत नाही. लाटणं, सुई, कात्री आणि वेळ आलीच तर दुसऱ्याचा कान, एवढंच धरलंय या हातांनी. पेन कधी धरलं नाही. मी बोलते आणि वरच्या मजल्यावरच्या टायपिस्टबाई उतरवून घेतात. बाईंनी जन्मभर कचेरीत साहेबांची बडबड टाइप केली. निवृत्त झाल्या आणि बोटं शिवशिवायला लागली. इकडे डॉक्टर मला म्हणाले, आजी, मनात कोंडून ठेवू नका, बोला कुणाशी तरी. दोघींची सोय झाली. दुपारी सून कामावर, नात शाळेत. बाई खाली येतात, चहा पितात, आणि माझं तोंड सुटतं.

अट एकच. मी बोलेन ते तसंच्या तसं लिहायचं, त्याला कचेरीचा कोट घालायचा नाही. आणि कुणाला वाचून दाखवायचं नाही, सुनेला तर मुळीच नाही. बाई म्हणाल्या, "अहो, साहेबांची गुपितं पोटात ठेवली, तुमची काय जड आहेत?"

म्हटलं, "ऐका तर आधी."

तर माझा मुलगा घरी येतो. मागच्या वर्षी गेला तो. पहाटे येतो, आतल्या खोलीत बसतो आणि अभ्यास करतो.

बाईंनी पेन थांबवून माझ्याकडे बघितलं. म्हटलं, हेही लिहा.

७ मार्च

काल म्हणे मी मध्येच सुरू केलं. बाई म्हणतात, वाचणाऱ्याला मागचं-पुढचं कळलं पाहिजे. वाचणार कोण आहे? पण असो, सांगते.

आमच्या दोन खोल्या, मध्ये स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मी आणि नात, आतल्या खोलीत सून. मुलगा मोठ्या लाँड्रीत होता. साधी नव्हे, इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी जिथे गाड्या भरभरून येतात ती. तिथलं सगळं वाफेवर चालतं, आणि वाफ येते मागच्या बॉयलरमधून. मुलगा गाड्या उतरवायला लागला आणि हळूहळू बॉयलरवाल्याचा मदतनीस झाला. पण खरा बॉयलरवाला व्हायचं तर सर्टिफिकेट लागतं. त्याला परीक्षा असते, साहेब समोर बसवून तोंडी विचारतात. शिकवणारं कुणी नाही. म्हणून हा कामावरून यायचा आणि आपलं आपणच शिकायचा. नुसतं वाचून त्याच्या डोक्यात राहायचं नाही, म्हणून मोठ्यानं बोलायचा. भिंतीला शिकवायचा म्हणा ना. आमच्या घरातली भिंत परीक्षेला बसली असती तर पहिली आली असती.

हा काही बसला नाही. परीक्षेच्या आधीच बॉयलरवाला रजेवर गेला आणि याला एकट्याला उभं केलं. बॉयलर फुटला.

मग कचेरीतला माणूस आला. खुर्चीच्या कडेवर बसला. म्हणाला, चूक तुमच्या मुलाची. पाणी आटून बॉयलर कोरडा तापला होता आणि त्यानं वरून गार पाणी सोडलं. म्हटलं, अहो, तापलेल्यावर पाणी टाकणं हा गुन्हा कधीपासून? आम्ही बायका चुलीपुढे जन्मभर तेच करतो! तो उठला. चहा तसाच ठेवून गेला. खोटं बोलायला आलेल्या माणसाच्या घशाखाली चहा कसा उतरेल?

त्यानंतर सुनेला तिथेच कामाला घेतलं. इस्त्रीच्या रोलरवर आहे ती. ओली चादर घालायची, कोरडी काढायची.

१० मार्च

बाईंना खरं वाटत नाही. त्या म्हणतात, फोनमध्ये आवाज भरून ठेवता येतो, तसलं काही असेल. म्हटलं, फोन खोकतो का? हा खोकतो. शब्द अडला की टेबलावर बोटं वाजवतो, लहानपणी पाढे म्हणताना वाजवायचा तशी. चार वाक्यं बोलला की खुर्ची मागे सरकवतो, आणि आमची ती खुर्ची कशी कण्हते ते मला माहीत आहे.

आज म्हणत होता, "शिफ्ट हातात घेतली की आधी काच बघायची. काचेत पाणी जेवढं, तेवढंच बॉयलरमध्ये. पण काच खोटं बोलू शकते. म्हणून काच आधी धुवायची, मग तिच्यावर विश्वास ठेवायचा."

मी अंथरुणात पडून ऐकत होते. शेजारी नात पाय पसरून झोपलेली. भीती वाटली का? खोटं कशाला बोलू, वाटली. पण आईला वाटते ती वेगळी असते. हा येतोय याची नव्हती, हा उठून जाईल याची होती.

१४ मार्च

आज पहाटे मी मला ऐकलं.

बाई, असं बघू नका. आधी तोच बोलत होता. "काचेत पाणी दिसेनासं झालं, तर सगळ्यात आधी..." आणि तेवढ्यात मी. आतल्या खोलीतून. माझाच आवाज, पण त्यात दात सगळे होते आणि दमही होता. "अरे राजा, ऊठ आता. ताट वाढलंय." तो म्हणतो, "आलो गं, एवढं संपवतो." ती म्हणते, म्हणजे मीच म्हणते, "संपवतो-बिंपवतो काही नाही. आधी जेवण, मग तुझी काच!" आणि हसले. केवढी मोकळी हसले! मग खुर्ची कण्हली आणि सगळं गप्प.

मी इकडे अंथरुणात तोंडावर हात दाबून पडलेले. तोंड बंदच आहे ना, हे चाचपून बघत होते. ती तिकडे त्याला जेवायला उठवतेय, तर इकडे पडलीये ती कोण?

थोड्या वेळानं पुन्हा तेच. "काचेत पाणी दिसेनासं झालं, तर सगळ्यात आधी..." आणि पुन्हा मी. "अरे राजा, ऊठ आता." परत तेच, आणि परत. जिवंतपणी एका हाकेत कधी उठला नाही, आताही तेच.

नातीच्या पाठीवर हात ठेवला. ऊबदार होती. म्हटलं, चला, आपण निदान या बाजूला आहोत.

१५ मार्च

नातीनं सगळ्याचा विचका केला. न्याहारी करता करता म्हणते, "आजी, बाबांचा जुना फोन आईकडे आहे. त्यात बाबा आहेत. आई रोज ऐकते."

सुनेचा हात घासाशीच थांबला. मग तिनं खरं सांगितलं. मुलगा मोठ्यानं बोलायचा ते सगळं फोनमध्ये भरून ठेवायचा, चादरी उचलता उचलता कानाला लावून ऐकायला. ते धडे तिला सापडले. आणि तिला आता त्याच परीक्षेला बसायचंय.

बाईंनी मघाशी "बघा, मी म्हटलं नव्हतं?" असा चेहरा केला. केला की नाही? लिहा.

आता मी काही अगदीच भोळी नाही. फोन आहे हे मलाही आतून कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कळून घेणं वेगळं. फोन असेल तर तो गेला. फोन नसेल तर पहाटेपुरता आहे. तुम्ही कुठलं निवडलं असतं?

बरं, ते राहू दे. खरी गोष्ट ही की सून बॉयलरवर जाणार म्हणते. मी म्हटलं, "वेड लागलंय का तुला? एक दिला, तेवढा पुरे नाही झाला?"

"आई, तो बॉयलर आता नाही. नवा बसवलाय."

"नवा काय, जुना काय, पोटात आगच ना?"

"आणि रोलरमध्ये काय गुलाबपाणी आहे?" तिनं हात पुढे केला. बोटांच्या पेरांवर भाजल्याचे डाग, कातडी चकचकीत झालेली. "मी जन्मभर चादरी घालत आणि काढत राहू? फोरमन म्हणाला, आतल्याच कुणी सर्टिफिकेट आणलं तर जागा देतो. मी हात वर केला तर सगळे हसले. हसू देत. मला फक्त पहाटेचा तास द्या, आई. बाकी मी बघते."

म्हटलं, तास काय माझ्या फडताळात ठेवलाय?

१९ मार्च

आज भांडी पुसताना सुनेनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, हे अभ्यासाला बसले की तुम्ही त्यांना मध्येच उठवायचात का हो?"

म्हटलं, "उठवायचे तर! रोज उठवायचे. नाहीतर पोरगं उपाशीच झोपलं असतं. तुला आणि त्याला अभ्यासापुढे पोट दिसत नाही. त्याच्या अंगाला जे थोडंफार लागलं ते माझ्या हाकांमुळे."

"उठून गेले की मग परत बसायचे?"

"जेवण झाल्यावर? छे! पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी दुसराच धडा घ्यायचा. मागचं संपलंच असं समजून चालायचा, बापासारखा."

ती बराच वेळ तेच ताट पुसत राहिली. मी म्हटलं, अगं, नक्षी निघून जाईल. तशी म्हणाली, "बरं केलंत, आई. जेवले तरी वेळेवर."

आता बाई का थांबल्यात कोण जाणे. बाई, पेनातली शाई संपली का? नाही म्हणतात. मग लिहा की.

२६ मार्च

मी वाईट सासू आहे का? बाई म्हणतात, थोडी आहात. ही अशी मैत्रीण.

झालं असं की ती पहाटे बसली की मला काहीतरी हवंच असायचं. कधी गुडघा, कधी पाणी, कधी खिडकीची वाजणारी दांडी. हाक मारली की ती उठून यायची, तोंडातून ब्र न काढता. मुद्दाम करत होते? अर्धं मुद्दाम. ती दमली की सोडून देईल, असं वाटत होतं. मला ती इथे, या ओट्यापाशी हवी होती. रोलरवर बोटं भाजतात, माणूस घरी येतं.

आज पहाटे मी हाक मारली आणि ती दारात येऊन उभी राहिली. डोळे तांबारलेले. म्हणाली, "आई, काय हवंय ते एकदाच सांगा. चहा देते, पाय चेपते, तुमच्या उशाशी बसते. पण मी बसले की मला हाक मारू नका. हात जोडते. परवा डुलकी लागली आणि हात रोलरमध्ये जाता जाता वाचला. मला हा तास पुरा लागतो. अर्धा नाही चालत. अर्धा शिकलेला माणूस..."

आणि थांबली.

"अर्धा शिकलेला माणूस काय?" म्हटलं.

"काही नाही. झोपा तुम्ही."

मी रुसून भिंतीकडे तोंड केलं. भिंतीला काय, सवय आहे आमच्या घराण्याची.

४ एप्रिल

रुसवा काढला. कुणी काढायला येईना, मग स्वतःच काढला.

मी विचार केला, नवरा-बायको आत बोलतायत. फोनमधून का होईना, तो सांगतोय आणि ती ऐकतेय. जिवंत होता तेव्हा दोघांना असा निवांत तास मिळाला होता का? मध्ये कायम मी. मग आता तरी म्हातारीनं बाजूला बसावं. म्हणून पहाटेची कामं मी उचलली. भाजी चिरणं, डबे, नातीची वेणी. माझ्या वेणीला नात "तिरकी आगगाडी" म्हणते, पण शाळेत पोचते ना!

दूधवाल्याला दारातच धरला. त्याला दार बडवायची खोड. म्हटलं, "भाड्या, नखानं वाजव."

तो म्हणतो, "घरात कुणी आजारी आहे का, आजी?"

"परीक्षा आहे."

"नातीची?"

"तुझी. नापास झालास तर दुधाचं बंद."

आता नखानं वाजवतो.

मी स्वयंपाकघरात दाराला पाठ लावून बसते आणि ऐकते. तो येतो, बोलतो, खोकतो. मग तीही येते, ती हाक मारणारी. रोज तेच म्हणते, रोज तशीच हसते. मला तिचा हेवा वाटतो, बाई. तिला अजून काहीच माहीत नाही.

१२ एप्रिल

काल संध्याकाळी नाटक झालं. सून म्हणाली, "आई, परीक्षा तोंडी असते. तुम्ही साहेब व्हा आणि मला विचारा. धडे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ झालेत."

मी खुर्चीत बसले, नातीनं स्वतःचा चष्मा मला लावला. काही दिसेना. म्हणजे साहेब म्हणून अगदी बरोबर.

"नाव काय?"

"आई, तुम्हाला माहीत आहे."

"साहेबाला माहीत नसतं. आणि साहेबाला आई म्हणू नये."

नात हसून लोळायला लागली. मग मी एकेक विचारत गेले, तो ज्या क्रमानं बोलतो त्याच क्रमानं. शिफ्ट घेतली की आधी काय? प्रेशरचं घड्याळ कुठवर गेलेलं चालतं? वाफ जास्त झाली की ती आपोआप सोडून देणारा व्हॉल्व्ह कोणता, आणि तो अडकला तर? ती घडाघडा सांगत होती. मला अभिमान वाटला हो. ज्या पोरीला लग्न होऊन आली तेव्हा स्टोव्ह पेटवायला भीती वाटायची, ती ही!

मग मी म्हटलं, "काचेत पाणी दिसेनासं झालं, तर सगळ्यात आधी काय?"

ती एकदम उठायला लागली.

"हा राहू दे, आई. पुढचा विचारा."

"का? साहेब राहू देईल?"

"हा मला येतो."

"येतो तर सांग. फुकटची फी घेते का मी?"

तिनं भिंतीकडे बघितलं आणि भिंतीलाच सांगितलं. "सगळ्यात आधी आग बंद करायची. पाणी सोडायचं नाही. एक थेंब नाही. लोखंड कोरडं तापलेलं असतं. गार पाणी पडलं की क्षणात त्याची वाफ होते आणि बॉयलर फुटतो."

मी म्हटलं, "बरोबर."

मग नातीनं विचारलं, "साहेब, पुढचा प्रश्न?" मला पुढचा आठवला नाही. चष्मा काढून ठेवला.

१३ एप्रिल

आज काही लिहायचं नाही. बाई, बसा नुसत्या.

९ मे

बाई रोज येत होत्या, चहा पिऊन जात होत्या. वही उघडली नाही. आज त्याच म्हणाल्या, आज तरी बोला, आज चांगली बातमी आहे.

आहे खरी. सून पास झाली. निकाल कळला तेव्हा तिला लाँड्रीतल्या बायकांनी चादरीत बसवून झोके दिले म्हणे, आणि फोरमन ओरडला की इस्पितळाची चादर आहे, पुन्हा धुवावी लागेल. मग तोच म्हणाला, सोमवारपासून बॉयलरवर. आधी जुन्या माणसाबरोबर, मग एकटी.

मी तिला विचारलं, "काय काय विचारलं साहेबांनी?"

"काही नाही हो. व्हॉल्व्हचं विचारलं. घड्याळाचं. सोपं होतं."

सून खोटं बोलते तेव्हा स्वच्छ भांडी पुन्हा घासायला घेते. पातेलं चकचकीत होतं, तरी घासत होती. मीही म्हटलं, "बरं झालं, सोपं होतं ते." आणि तिला राख पुढे करून दिली. दोघी मिळून घासत बसलो.

आणखी एक सांगितलं तिनं. आता धडे लागणार नाहीत, तर फोन तुमच्याकडे ठेवा, मी कामावर असताना लागेल. हिरवं बटण कुठलं, ते नातीनं दाखवलं. मग सून खाली बघून म्हणाली, "त्यातला एक धडा अर्धाच आहे, आई. काही उपयोगाचा नाही. पुसून टाकते."

म्हटलं, "नको."

"उगाच कशाला ठेवायचा?"

"त्यात तो 'आलो गं' म्हणतो. राहू दे."

ती एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी चष्मा शोधायला लागले. चष्मा मी वापरतच नाही, हे तिला ठाऊक आहे.

जाता जाता तिनं विचारलं, "आई, तुमचा आवाज बसलाय का? हल्ली घरात तुमची हाक ऐकूच येत नाही. जेवायलासुद्धा जवळ येऊन खांद्याला हात लावता."

म्हटलं, वय झालं. ओरडायचं वय गेलं.

११ जून

हे कालचं. बाई, पाय त्या उशीवर राहू द्या, हलवू नका. तुम्ही तुमच्या बहिणीकडे गेला होतात म्हणून तुम्हाला काही माहीत नाही.

काल सुनेची एकटीची पहिली पाळी. पहाटेच निघाली. दारात उभी राहून म्हणाली, "काहीही लागलं तर फोन करा. काहीही म्हणजे काहीही." म्हटलं, जा गं, मला काय धाड भरलीये? नात तिरकी आगगाडी घालून शाळेत गेली. मी ओट्याखालचं डबडं काढायला वाकले, फरशीवर पाणी सांडलेलं होतं, आणि बसले मटकन. पाय खाली दुमडला. कट् असं काहीतरी वाजलं आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले.

उठता येईना. फोन मांडणीवर होता. झाडू हाताशी आला, त्यानं फोन खाली ओढला. पदरात पडला, फुटला नाही. हिरवं बटण अगदी समोर. दाबलं की झालं. खिडकीही उघडी होती. खालून भंगारवाला गेला, इस्त्रीवाला गेला. एक हाक मारली असती तर अर्धी गल्ली धावून आली असती. माझी हाक ऐकलीये त्यांनी.

पण त्या वेळी ती काचेसमोर उभी असणार. एकटी. पहिल्याच दिवशी. वाफ चढलेली, पाणी वर-खाली होतंय, ती बघतेय. तिच्या खिशात फोन वाजला तर ती काय करेल? मला माहीत आहे काय करेल. पोरगी गुणाची आहे.

म्हणून मी फोन पालथा घालून मांडीवर ठेवला आणि भिंतीला टेकले. ऊन खिडकीतून आलं, फरशीवरून सरकत माझ्या पायापर्यंत आलं. पाय सुजून परका झाला होता. तहान लागली. पाणी सांडलेलं होतं शेजारीच, त्याच्याकडे बघत बसले.

आणि तेव्हा, बाई, आतल्या खोलीतून हाक आली. लिहा. फोन माझ्या मांडीवर होता, पालथा, गप्प. मी उलटा करूनही बघितला, काच काळी होती. तरी आतून ती बोलली. दात सगळे असलेली. "अरे राजा, ऊठ आता. ताट वाढलंय."

मी थांबले, तो काही म्हणतोय का ते ऐकायला. तो काही म्हणाला नाही. तिनं पुन्हा हाक मारली. कौतुकानं, लाडानं, जशी मारायची तशीच. पुन्हा. तिला कुणी थांबवणारं नाही ना, ती मारतच राहणार.

मी म्हटलं, "गप्प बस, बाई. पोरं कामात आहेत."

मोठ्यानं म्हटलं का मनात, ते आठवत नाही. पण ती गप्प बसली. घरात अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. त्या शांततेत दुपार झाली.

सून आली ती हसत आली. अंगाला तेलाचा वास, कपाळावर काजळीचा पट्टा. दारातूनच सांगत होती, "आई, काही झालं नाही, सगळं नीट..." आणि मला बघितलं. पिशवी हातातून पडली. खाली बसून तिनं पाय बघितला, मग माझ्या मांडीवरचा फोन बघितला.

"फोन जवळ होता? मग केला का नाहीत?" ओरडलीच माझ्यावर. "सकाळपासून अशा बसलाय? मी उचलला असता ना!"

म्हटलं, "म्हणूनच."

तिनं हळूच माझा पाय उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला. तिचे हात गरम होते. पायाकडेच बघत, हळू आवाजात तिनं विचारलं, "आई, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"काय?" म्हटलं. "पाय सुजलाय, एवढंच माहीत आहे मला. डॉक्टरला बोलव, आणि आधी तोंड धू. बॉयलर पुसलास की बॉयलरनं तुला पुसलं?"